पाइपवरचा शिक्का

सब-रजिस्ट्रार कचेरीत एकतीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कागद हातात आला की मजकूर नंतर, आधी शिक्का बघायचा. आपल्या भागात तर हा शिक्का फार बोलका. ‘मुंबई इलाखा, जिल्हा बेळगाव’ असं असेल तर कागद इंग्रजांच्या काळातला. नुसतं ‘मुंबई राज्य’ असेल तर त्यानंतरचा, पण नोव्हेंबर 1956 च्या आतला. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर 1 नोव्हेंबर 1956 पासून 1973 च्या ऑक्टोबरपर्यंतचा, कारण 1 नोव्हेंबर 1973 ला त्याचं कर्नाटक झालं. आणि ‘बेळगावी’ छापलेलं असेल तर 2014 च्या नोव्हेंबरनंतरचा. ज्या नावांवरून आपल्याकडे इतकी वर्षं मोर्चे निघाले, त्याच नावांचा कागदाचं वय काढायला इतका उपयोग होतो, ही गंमतच म्हणायची.

एकदा एक गृहस्थ 1935 सालचं म्हणून एक खरेदीपत्र घेऊन आले होते. अक्षर जुनं, शाई फिकी, कागदाला वाळवीही लागलेली. पण मुद्रांकावर चेहरा होता सहाव्या जॉर्जचा. हा राजा गादीवर बसला डिसेंबर 1936 मध्ये. मग 1935 सालच्या कागदावर तो आला कुठून? आमचे साहेब हसून म्हणाले, “कागद कितीही म्हातारा दिसू दे, त्याच्या अंगावरच्या सगळ्यात तरुण खुणेपेक्षा तो म्हातारा असू शकत नाही.” ते वाक्य मी डोक्यात ठेवलं. सुरतला आत्याकडच्या पाइपच्या वेळी ते कामाला आलं.

आत्या मूळची आमच्या निपाणीची. लग्न 1956 च्या मे महिन्यात झालं. नवरा सुरतला रेल्वेत. त्यावेळी निपाणीही मुंबई राज्यात आणि सुरतही मुंबई राज्यात. म्हणजे आत्या एका राज्यातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली, एवढंच. सहा महिन्यांनी माहेर म्हैसूर राज्यात गेलं. चार वर्षांनी, 1 मे 1960 ला, सासर गुजरातेत गेलं. ती म्हणते, “मी कुठं गेले नाही ग, राज्यंच माझ्यापासून लांब गेली.” आज ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. बाजारात गुजराती, घरात मराठी, आणि राग आला की कानडी. कानडीतला राग तिच्या सुनेला अजून नीट कळत नाही, आणि घरात शांतता आहे त्याचं तेही एक कारण असावं.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. 1944 साली विषमज्वराने गेले. आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. अप्पांचा फोटो नाही. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे कोल्हापूरला किंवा बेळगावला जायचं, आणि ते राहून गेलं. त्यांचं म्हणावं असं आत्याकडे काही नव्हतं. लग्नानंतर सासरी निघताना थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या अण्णाकाकांनी, तिच्या हातात एक कापडी पुरचुंडी ठेवली आणि सांगितलं, “अप्पांची आहे. जपून ठेव.” आत ही पाइप होती.

सत्तरेक वर्षं ती आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेलं. आत्याचं अडाजणमधलं तळमजल्याचं घर पूर्ण बुडालं. ती माणसं तीन दिवस वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर शालू, लग्नाचे फोटो, पोथ्या, सगळ्याचा लगदा. पाइप तेवढी चिखलात माखून साबूत निघाली. आत्याने ती धुतली, पुसली आणि देवघरात ठेवली. तंबाखू ओढायची वस्तू देवघरात ठेवलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

गेल्या संक्रांतीला मी सुरतला गेले, तेव्हा आत्याच्या नातवाने नवीन बेत केला होता. दिवाणखान्याच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत पाइप बसवायची, खाली पितळी पट्टी, त्यावर ‘पणजोबांची पाइप’ आणि साल. साल त्याने शोधूनही ठेवलं होतं, 1898. त्याचं म्हणणं असं की ही पीटरसन कंपनीची पाइप आहे, हिच्या तोंडाशी धूर वर टाळूकडे सोडणारं भोक आहे, आणि त्या भोकाचं पेटंट 1898 चं आहे. शिवाय कड्यावर चांदीचे छाप आहेत. मुलगा हुशार आहे, हिऱ्यांच्या कारखान्यात संगणकाचं काम बघतो. तोही मला आत्याच म्हणतो, त्यामुळे त्या घरात ‘आत्या’ अशी हाक आली की आम्ही दोघी ओ देतो.

मी म्हटलं, आधी नीट बघू. दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना 1898’ लिहिलेलं असलं म्हणून आतली साखर काही 1898 ची नसते. पेटंटचं साल हे युक्तीचं साल. त्या युक्तीच्या वस्तू नंतर शंभर वर्षंही निघू शकतात, आणि पीटरसनच्या निघाल्याच.

आता ही पीटरसन मंडळी कोण ते थोडं सांगते, कारण त्यांची गोष्ट आपल्या सीमाभागातल्या माणसांना आपली वाटेल. दुकान आयर्लंडमधल्या डब्लिनचं, सुरुवात 1865 ची. दुकान काढणारे काप बंधू जर्मन. त्यांच्याकडे येऊन भागीदार झालेला कारागीर चार्ल्स पीटरसन लॅटव्हियाकडचा. आणि माल ओळखला जातो आयरिश म्हणून! या पीटरसनने 1890 मध्ये एक सोय केली. पाइपच्या दांडीत खाली एक छोटी खळगी ठेवली, म्हणजे धुरातलं पाणी त्यात साठतं आणि ओढणाऱ्याच्या तोंडात येत नाही. याला ते ‘सिस्टिम’ म्हणतात. आत्याची पाइप त्याच जातीची, वाकड्या दांडीची आणि धातूच्या कड्याची.

पाइपचं वय काढायच्या रीती मी त्या आठवड्यात वाचून काढल्या. मातीच्या पाइपांची रीत तर मला फारच आवडली. युरोपातले व्यापारी सतराव्या शतकात पांढऱ्या मातीच्या लांब दांडीच्या पाइपा ओढत. मोडल्या की फेकून देत, त्यामुळे जुन्या वखारींच्या जागी त्यांचे तुकडे ढिगाने सापडतात. अमेरिकेत हॅरिंग्टन नावाच्या संशोधकाने 1954 मध्ये दाखवलं, की दांडीतलं भोक काळानुसार बारीक होत गेलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते इंचाच्या चौसष्ट भागांपैकी नऊ भाग रुंद असायचं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चार भागांवर आलं. कारण सरळ आहे. दांड्या लांब होत गेल्या, म्हणून भोकं अरुंद ठेवावी लागली. भोक मोजायला ते ड्रिलचे पाते वापरतात. तुकडे पुष्कळ असतील तरच हिशेब जमतो, एका तुकड्यावरून काही सांगता येत नाही. सुरतेत इंग्रजांची वखार 1613 च्या सुमारास सुरू झाली, पाठोपाठ डचांची. डचांच्या दफनभूमीत मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ करवून घेणाऱ्या व्हान रीडची कबर आहे. तो 1691 साली वारला. नातवाला घेऊन मी मुद्दाम ती कबर बघून आले. देवळाच्या घुमटासारखी भव्य आहे. आपल्या पाइपशी तिचा काही संबंध नाही, पण सुरतला गेलात तर बघा.

तंबाखूच्या बाबतीत आपण सुरतेच्याही पुढे होतो, हे त्या नातवाला मी अभिमानाने सांगितलं. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि 1604 च्या सुमारास तो आणि एक सुंदर पाइप घेऊन आग्र्याला गेला. अकबराने एकदोन झुरके घेतले, हकीम मात्र नाराज झाले. पुढे 1617 मध्ये जहांगीराने बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. म्हणजे आग्र्याच्या दरबारात तंबाखू पोचला तो आपल्या विजापुरातून.

असो. आत्याच्या पाइपकडे येते.

ती लाकडी आहे. हे लाकूड भूमध्य समुद्राच्या काठावरच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ असते, त्याला ब्रायर म्हणतात. या लाकडाच्या पाइपा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या सें-क्लोद गावात मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. म्हणजे त्याहून जुनी ती नाही, एवढं लाकडावरूनच ठरलं. दांडीचा टोकाचा भाग काळ्या कडक रबराचा. हे रबर उन्हाने आणि हवेने हिरवट-तपकिरी होतं. हिचंही झालंय. पण दांडी बदलता येते, म्हणून तिच्यावर फार विसंबून चालत नाही.

मग कड्यावरचे छाप. खऱ्या चांदीवर इंग्लंड-आयर्लंडात सरकारमान्य छाप असतात. बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचं बिबळ्याचं तोंड, डब्लिनची हार्प, आणि शेजारी एक अक्षर. त्या अक्षरावरून नेमकं साल कळतं, कारण ते दर वर्षी बदलतं. नातवाने आपली हिरे बघायची भिंग आणली, दहापट मोठं दाखवणारी. सुरतेत ती घरोघरी सापडते. त्यातून आम्ही कडं पाहिलं. तीन चित्रं होती: तीन पानांचं रोप, बसलेला कुत्रा आणि एक उंच मनोरा. शेजारी ‘के अँड पी’. साल सांगणारं अक्षर नाही. ही तीन चित्रं पीटरसनवाले निकेलच्या कड्यावर मारत, शोभेसाठी. दिसायला चांदीच्या छापासारखी, पण ती चांदी नव्हे. नातवाचा चेहरा जरा पडला. आत्या पलंगावरून म्हणाली, “निकेल असू दे की. अप्पा कुठले चांदी वापरणारे!”

राहिला लाकडावरचा शिक्का. कोटाच्या खिशात आणि हातात वर्षानुवर्षं घासून ही अक्षरं पुसट होतात. इथे तर पुराचा चिखलही होता. उपाय सोपा आहे. पांढऱ्या खडूची पूड बोटाने हळूच चोळायची, वरची पुसून टाकायची, खोलगट अक्षरांत ती राहते. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा दिवा बाजूने, अगदी आडवा धरायचा. एका बाजूला ‘पीटरसन्स सिस्टिम स्टँडर्ड’ उमटलं. दुसऱ्या बाजूला तीन ओळी होत्या. मी त्या दोनदा वाचल्या. मग भिंग नातवाकडे दिली आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं, कारण मला माझ्या डोळ्यांची साक्ष एकटीची नको होती. तो वाचू लागला, “मेड इन द... रिपब्लिक... ऑफ आयर्लंड.”

आता बघा, आयर्लंडचंही आपल्यासारखंच. राज्याचं नाव बदललं की शिक्का बदलायचा. 1922 च्या डिसेंबरात आयरिश फ्री स्टेट झालं, तेव्हा पाइपांवर तसा शिक्का येऊ लागला. 1937 च्या राज्यघटनेने देशाचं नाव एरे झालं, मग ‘मेड इन एरे’. आणि देशाला अधिकृतपणे ‘रिपब्लिक’ म्हणायचं ठरलं ते 18 एप्रिल 1949 पासून. त्याचा कायदा झाला होता डिसेंबर 1948 मध्ये. त्याच्या आधी कुठल्याही कारखान्याने लाकडावर ही अक्षरं मारली नसती. 1944 मध्ये गेलेल्या माणसाच्या हातात ही पाइप कधीच आली नसणार.

नातवाच्याही ते लक्षात आलं. तो माझ्याकडे बघत राहिला. आत्याला ऐकू कमी येतं, पण इतकं कमी नाही.

कचेरीत असताना खोट्या कागदावर ‘नोंदणी नाकारली’ लिहायला मला कधी जड गेलं नाही. इथे मात्र मनात दोन मतं झाली. म्हाताऱ्या बाईला कशाला सांगायचं, 1930 लिहून टाकू, कोण येतंय तपासायला, हे एक. पण भिंतीवर पितळी अक्षरांत खोटं साल लावायचं आणि पुढच्या पोरांनी ते खरं धरायचं, हेही मनाला पटेना. शिवाय विचारलं होतं तिनेच. मी तिच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. रिपब्लिक म्हणजे काय, 1949 म्हणजे काय, जसं आपलं म्हैसूरचं कर्नाटक झालं तसं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. पाइप हातात घेतली, खडूची पांढरी अक्षरं बघितली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मग म्हणाली, “अव्वा म्हणायची, अप्पा पानात तंबाखू खायचे, ओढायचे नाहीत. मला वाटायचं, अव्वाला माहीत नसेल. पुरुषमाणूस वखारीत काय ओढतो ते बायकांना कुठं कळतंय!”

मी पाइपच्या आत बोट फिरवून बघितलं. नेहमी ओढणाऱ्याच्या पाइपात आतून काजळीचा जाड थर बसतो, तो अधूनमधून खरवडावा लागतो. इथे थर नावाला होता. पुराच्या पाण्याने तो गेला असेल असं म्हणता येईल, पण रबराच्या तोंडावर दाताची एकही खूण नव्हती. रबर मऊ असतं, चार महिने दातात धरलं तरी वळ उठतात, आणि ते काही पाण्याने जात नाहीत. म्हणजे दिली तेव्हा ही पाइप जवळजवळ नवी होती. 1949 च्या नंतर झालेली, 1956 च्या मे महिन्यात निपाणीत असलेली. मधली सात वर्षं.

“अण्णा शालू आणायला मुंबईला गेलेला,” आत्या म्हणाली. “माझ्या लग्नाचा. तिथंच घेतली असणार.”

अण्णाकाका अप्पा गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते. वखारीतली अप्पांची जागा त्यांना मिळाली. धाकटी चार भावंडं त्यांनी वाढवली, त्यात माझे वडीलही. ते स्वतः विडी शिवले नाहीत. तंबाखूच्या धुळीने त्यांना दम लागायचा, आणि त्यातच ते 1987 मध्ये गेले. लग्नाआधी आत्या काय म्हणाली होती, तेही तिने त्या दुपारी सांगितलं. सासरची मंडळी विचारतील, वडिलांचं काही आहे का, तर मी काय दाखवू, असं म्हणून ती रडली होती. अण्णा काही बोलले नव्हते. आता यातलं किती पुराव्याने सिद्ध होतं? शिक्का फक्त साल सांगतो. कोणी घेतली, कशासाठी घेतली, ते सांगत नाही. पण बहिणीला वडिलांची म्हणून द्यायची तर परदेशी, भारी दिसणारी वस्तू द्यावी, असं तीस वर्षांच्या एका वखारीतल्या कारकुनाला वाटलं असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही. वडील दिवाणजी होते, साहेब नव्हते, हे त्याच्याही लक्षात असणारच.

नातवाने हळूच विचारलं, “मग आजी, पट्टीवर काय लिहायचं?”

आत्या म्हणाली, “होगली बिडु. पट्टी नको, भिंत नको.” मग माझ्याकडे वळली. “अप्पांची असती तर माझी होती. अण्णाची आहे तर त्याच्या लेकीची झाली. तिच्याकडे बापाचं काय आहे? घेऊन जा तू.” मी म्हटलं, अगं, तुला दिलेली आहे, तुझीच आहे. तर ती चिडली, आणि पुढचं सगळं कानडीत झालं. सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावून परत गेल्या.

मी कोल्हापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने पाइप आणली, साडीच्या घडीत गुंडाळून, कारण दांडी निसटली तर रबर तुटतं. खडूची अक्षरं मी पुसली नाहीत. अण्णाकाकांची मुलगी, माझी चुलत बहीण, निपाणीत जुन्या घरातच राहते. तिला सगळं सांगायला रात्रीचे अकरा वाजले. बाप मुंबईहून पाइप घेऊन आला होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने ती उलटसुलट केली, मग नाकाशी धरली. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तंबाखूचा वास येतो, त्यामुळे सवयच तशी.

“तंबाखूचा नाही ग,” ती म्हणाली, “चिखलाचा वास आहे.”

मी म्हटलं, “तापीचा.”